मुलांना रक्तगट कसे समजवायचे? रंगीत पाण्याचा प्रयोग बरोबर आहे का?

निंबोणी | ३ मे, सकाळी ८:४०

वस्तीतल्या उन्हाळी शिबिरात रक्तगटांवर दीड तासाचं सत्र घ्यायचं आहे. २६ मुलं आहेत, वय ९ ते १३. सगळीकडे एकच प्रयोग सुचवतात. चार ग्लास घ्या, ओ म्हणजे साधं पाणी, ए लाल, बी निळं, एबी जांभळं. एकमेकांत ओता. रंग बदलला तर चालत नाही, बदलला नाही तर चालतं.

दिसायला छान आहे, पण काहीतरी खटकतं. ओ म्हणजे "रिकामं पाणी" असं मुलांच्या डोक्यात बसेल का? आणि "कोण कोणाला देऊ शकतो" हा तक्ता पाठ न करता मुलांना स्वतःहून काढता येईल, असं काही आहे का? खर्च कमी हवा. सामान इथे नागपुरात बर्डीवर किंवा इतवारीत मिळेल असंच सांगा.

लालपेशी | ३ मे, सकाळी ९:१५

खटकतं ते बरोबरच आहे, ताई. तो प्रयोग करू नका. रक्तपेढीच्या कामाच्या बाजूने सांगतो.

एक तर रक्त मिसळून "तिसरा रंग" तयार होत नाही. ए गटाची पेशी बी गटाच्या माणसात गेली की ती एबी होत नाही, मारली जाते. दुसरं म्हणजे जांभळ्या ग्लासात लाल ओतलं की छटा बदलतेच, आणि एखादं चौकस पोरगं लगेच म्हणतं, "बदललं ना!" ते खरं बोलत असतं. पण सगळ्यात मोठी अडचण अशी की त्या ग्लासात पेशी आणि पाणी वेगळे दिसतच नाहीत. रक्तगटाचा सगळा खेळ त्या दोघांतला आहे.

मुलांना दोनच गोष्टी सांगा. पेशीच्या अंगावर काय टांगलं आहे? आणि पेशी ज्या पिवळसर पाण्यात तरंगतात त्या पाण्यात (रक्तद्रवात) कोणाला पकडणारे पहारेकरी आहेत?

यासाठी भिंतीवरच्या खुंट्यांची उपमा चालते. प्रत्येक तांबड्या पेशीवर लाखो खुंट्या आहेत. ए गटाच्या पेशीत त्या खुंटीवर एक साखर टांगतात, बी गटात दुसरी. एबी मध्ये काही खुंट्यांवर ही, काहींवर ती. ओ मध्ये खुंटी तशीच मोकळी, पण खुंटी आहे. रिकामं काहीच नाही. खुंटीचं शास्त्रीय नाव एच. ए गटाच्या एका पेशीवर अशा ए-साखरा सुमारे दहा लाख असतात. आकडा सांगून पाहा, मुलं डोळे मोठे करतात.

पहारेकऱ्यांचा नियम एका ओळीचा आहे. आपल्या घरात जी वस्तू टांगलेली नाही, तिला पकडणारे पहारेकरी आपल्या पाण्यात असतात. ए वाल्याकडे बी ला पकडणारे. बी वाल्याकडे ए ला पकडणारे. ओ वाल्याकडे दोघांना पकडणारे. एबी वाल्याकडे कोणीच नाही.

एवढं कळलं की तक्ता मुलं स्वतः काढतात. रक्त देताना एकच प्रश्न विचारायचा: घेणाऱ्याच्या पाण्यात, देणाऱ्याच्या पेशीला पकडणारा कोणी आहे का?

तर्रीपोहे | ३ मे, सकाळी ९:३१

वा जी! इतकं सोपं असताना पुस्तकात चार रकान्यांचा तक्ता काहून देऊन राहिले? पोट्टे घोकतात अन् दुसऱ्या दिवशी विसरतात.

फळा_खडू | ३ मे, सकाळी १०:०५

लालपेशींचा नियम मैदानावर खेळून घ्या. २६ मुलांसाठी हिशोब देते.

१० मुलं तांबड्या पेशी. प्रत्येकाच्या दोन्ही दंडांना लाल फीत. ही ए ची वस्तू.
१० मुलं पहारेकरी. हात मोकळे. छातीवर कागद: "मी फक्त लाल पकडतो". हे बी गटाच्या रुग्णाच्या पाण्यातले.
६ मुलं रक्तवाहिनीच्या भिंती. तीन-तीनच्या दोन रांगा समोरासमोर, मधे दोन फुटांची वाट.

पहिला डाव: पेशी मैदानाच्या एका टोकाकडून चालत येतात, पळत नाहीत. पहारेकऱ्याने एका हाताने एका पेशीची फीत धरायची, दुसऱ्या हाताने दुसऱ्याच पेशीची. एकदा धरलं की सोडायचं नाही. मिनिटभरात साखळ्या, वळसे, गुंतागुंत तयार होते आणि तो घोळका दोन फुटांच्या वाटेतून जात नाही.

दुसरा डाव: त्याच दहा मुलांच्या फिती काढा. आता ते ओ गटाच्या पेशी. पहारेकरी तेच, पण धरायला काही नाही. सगळे आरामात निघून जातात.

तिसरा डाव: फिती परत बांधा, पहारेकऱ्यांना खाली बसवा. आता रुग्ण एबी. लाल फीतवाले निघून जातात. मग पाच जणांना निळी फीत द्या, तेही जातात.

फीत एकाच दंडाला बांधली तर खेळ फसतो. मग एक पहारेकरी दोघांना धरतो आणि फक्त जोड्या बनतात, पुंजका बनत नाही. पेशीवर वस्तू अनेक असतात म्हणूनच जाळं तयार होतं. दुसरं, पहारेकरी कमी ठेवू नका. दहा पेशी एका साखळीत यायला किमान नऊ लागतात. पाचच ठेवले तर अर्ध्या पेशी सुटून जातात आणि मुलांना वाटतं, "थोडं चुकीचं रक्त चालतं वाटतं."

आणि मे महिना आहे. सकाळी आठच्या आत नाहीतर सावलीत.

लालपेशी | ३ मे, सकाळी १०:४०

फळा_खडू मॅडम, हा खेळ उत्तम आहे, विशेषतः दोन फितींचा मुद्दा. पण एक दुरुस्ती सुचवतो. "पुंजका अडकला म्हणून माणूस आजारी पडतो" इथेच थांबू नका. नळीत किंवा काचपट्टीवर पुंजके दिसतात हे खरं. शरीरात मात्र ए-बी चं चुकीचं रक्त गेलं की पहारेकरी धरतात आणि रक्तातलीच दुसरी प्रथिनं येऊन त्या पेशींना भोकं पाडतात. पेशी रक्तवाहिनीतच फुटतात. आतलं हिमोग्लोबिन बाहेर सांडतं, लघवी काळ्या चहासारखी होते, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. मुख्य धोका हा आहे.

लहान मुलांना एवढंच पुरे: "धरतात आणि फोडतात." खेळात पहिल्या डावाच्या शेवटी शिट्टी वाजवा आणि धरलेल्या पेशींना मटकन खाली बसायला सांगा. फुटल्या.

सूक्ष्मदर्शी | ३ मे, सकाळी ११:२०

घरात बसून करण्यासारखं एक. पुंजके दिसतात कसे, तेवढंच दाखवायला दूध-लिंबू.

पांढऱ्या बशीत दोन चमचे कोमट, साय न काढलेलं दूध, त्यात खायच्या लाल रंगाचे दोन थेंब. अशा दोन बशा. एकीत अर्धा चमचा लिंबाचा रस, दुसरीत अर्धा चमचा पाणी. काडीने हलवायचं आणि बशी तिरकी करत मिनिटभर पाहायचं. एकीत दाणे पडतात, दुसरी गुळगुळीत राहते. रक्तगट तपासताना काचेवर साधारण असंच दिसतं.

थंड दूध घेतलं तर दाणे फार बारीक पडतात, मुलांना दिसत नाहीत. रंगासाठी कुंकू घालू नका. हळदीपासून केलेलं असेल तर लिंबाने पिवळं पडतं आणि मुलांचं सगळं लक्ष रंगाकडे जातं.

बर्डीकर | ३ मे, दुपारी १२:१०

मग पुढे जाऊन पूर्ण चाचणीच करता येईल की! ए म्हणजे दूध, त्याला पकडणारं लिंबू. बी म्हणजे चुन्याची निवळी, तिला पकडणारं धुण्याच्या सोड्याचं पाणी, पांढरा साका बसतो. ओ म्हणजे नुसतं लाल पाणी. एबी म्हणजे दूध अधिक निवळी.

सूक्ष्मदर्शी | ३ मे, दुपारी १२:३५

एबी ला गाडी अडते, दादा. दूध मुळातच पांढरं आणि अपारदर्शक. त्यात चुन्याचा पांढरा साका पडला तरी दिसत नाही. म्हणजे एबी चा निकाल "ए" असा येणार, आणि नेमकी तीच चूक शिकवायची नाहीये. शिवाय दूध घातलेला ग्लास लांबूनच ओळखू येतो, चाचणी करायची गरजच उरत नाही. अन् चुना मुलांच्या डोळ्यात गेला तर वाईट भाजतो.

दूध-लिंबू "दाणे म्हणजे काय" एवढ्यापुरतं ठेवा. कोणता गट ते फितींनी.

मायबोलीवेडी | ३ मे, दुपारी १:०२

शब्दांबद्दल एक विनंती. "गुठळी" शब्द इथे वापरू नका. गुठळी म्हटलं की मुलांना गुडघा फुटल्यावर गोठणारं रक्त आठवतं. ते वेगळं. गोठताना प्रथिनाचे धागे बनतात, त्यात पेशी अडकतात आणि जखम बंद होते, ते चांगलं काम आहे. इथे पहारेकरी पेशींना एकमेकींना बांधतात. याला पुस्तकात समूहन म्हणतात. बोलताना "पुंजका" किंवा "दाणे" म्हणा.

प्रतिजन (टांगलेली वस्तू), प्रतिपिंड (पहारेकरी) हे शब्द आठवीच्या मुलांना द्या, चौथीच्यांना नकोत. "लोहित रक्तकणिका" आणि "तांबड्या पेशी" एकच, हे मात्र मोठ्यांना सांगाच. नाहीतर पुस्तक उघडल्यावर त्यांना वेगळं काही वाटतं.

तर्रीपोहे | ३ मे, दुपारी १:२०

दूध-लिंबाचा फरकही सांगावा लागेल मग. लिंबू पहारेकरी नाही, दूध फाडते. दिसते सारखं, कारण वेगळं.

सूक्ष्मदर्शी | ३ मे, दुपारी १:२८

अगदी. एक वाक्य टाकायचंच: "हे फक्त दिसतं तसं, आत जे घडतं ते मैदानावर पाहिलं."

काचपट्टी | ३ मे, संध्याकाळी ५:४५

खरी चाचणी दाखवायची असेल तर: मुलांना सुई टोचू नका. कोणाचंही रक्त हाताळायचं नाही. पालकांची संमती, दर वेळी नवी सुई, वापरलेल्या सुयांचा डबा, कावीळ बी आणि एचआयव्हीचा धोका, एवढं सगळं शिबिरात सांभाळता येत नाही. एखाद्या रक्तपेढीचा तंत्रज्ञ यायला तयार असेल तर त्याने मोठ्या माणसाचं रक्त, स्वतःच्या हातांनी तपासावं आणि मुलांनी पाहावं.

तेव्हा काय दिसतं ते आधी सांगून ठेवा. तीन छोट्या बाटल्या असतात, प्रत्येकीत एकेका वस्तूला पकडणारे पहारेकरी: ए ला, बी ला, आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणाऱ्या डी ला. अँटी-ए निळी, अँटी-बी पिवळी, अँटी-डी बिनरंगाची. निळा-पिवळा रंग तंत्रज्ञाची चूक होऊ नये म्हणून घातलेला असतो, त्याचा रक्ताशी संबंध नाही. मुलं हमखास विचारतात, "निळ्याने ए निळं होतं का?" काचपट्टीवर प्रत्येकाचा एक थेंब, शेजारी रक्ताचा एक थेंब, प्रत्येकाला वेगळी काडी, रुपयाच्या नाण्याएवढं पसरवायचं, पट्टी हळूहळू झुलवायची आणि दोन मिनिटांच्या आत वाचायचं.

नागपूरच्या उन्हाळ्यात इथेच घोळ होतो. ४३-४४ अंशांत, वर पंखा फिरत असताना थेंब कडेने वाळायला लागतो. वाळलेली कड दाणेदार दिसते आणि ओ गट "ए" वाटतो. पंखा बंद, खिडकीचं ऊन बाजूला, आणि कडेकडे न बघता मधोमध बघायचं. बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. बर्फाच्या डब्यात आणल्या नाहीत तर अँटी-बी दुबळं पडून बी गट ओ दिसू शकतो.

अन् हे दाखवणं झालं की मुलांना सांगा, असा एक काचेवरचा निकाल पाहून कोणाला रक्त देत नाहीत. रक्तपेढीत नळीत किंवा जेल कार्डवर (जेल भरलेल्या बारीक नळ्यांच्या पट्टीवर) करतात, आणि उलटीही चाचणी करतात: माणसाचं पाणी घेऊन त्यात माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशी टाकतात. पेशीचं उत्तर आणि पाण्याचं उत्तर जुळलं तरच गट लिहितात. शेवटी पिशवीतलं रक्त आणि रुग्णाचं रक्त प्रत्यक्ष जुळवून बघतात, ते क्रॉसमॅच.

संत्रामंडी | ३ मे, संध्याकाळी ६:३०

इथे एक स्वयंपाकघरातली गोष्ट घालते, मुलांना फार आवडते. कुळीथ (हुलगे) आहे ना, त्याच्या बियांत एक प्रथिन असतं जे ए गटाच्या पेशींचे पुंजके करतं. कच्चे कुळीथ दळून मिठाच्या पाण्यात भिजवतात, गाळतात, योग्य तेवढं पातळ करतात. रक्तपेढ्यांत हे "अँटी-ए-वन" म्हणून वापरतात. ए गटाचे ए-वन आणि ए-टू असे पोटप्रकार आहेत. कुळथाचं पाणी ए-वन ला धरतं, ए-टू ला सोडतं.

म्हणजे पकडायला पहारेकरीच लागतो असं नाही. साखरेचा आकार ओळखणारी आणि दोन बाजूंनी धरणारी कोणतीही वस्तू चालते.

तर्रीपोहे | ३ मे, संध्याकाळी ६:३८

बाप्पा! मग ए गटवाल्याने कुळथाचं पिठलं खायचं की नाही?

संत्रामंडी | ३ मे, संध्याकाळी ६:४७

खुशाल खायचं. नीट शिजवल्यावर ते प्रथिन निकामी होतं. हा प्रश्न शिबिरातही येणारच, निंबोणीताई, उत्तर तयार ठेवा.

निंबोणी | ३ मे, रात्री ९:१०

किती छान सांगताय सगळे. दोन प्रश्न अडकलेत. पहारेकरी येतात कुठून, दुसऱ्याचं रक्त कधी घेतलंच नसताना? आणि ओ चं रक्त सगळ्यांना चालतं म्हणतात, पण ओ च्या पाण्यात तर दोन्ही पहारेकरी आहेत. ते जाऊन घेणाऱ्याच्या पेशींना धरत नाहीत का?

लालपेशी | ३ मे, रात्री ९:५०

दुसरा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. मुलाने विचारला तर टाळ्या वाजवायला लावा.

दान केलेलं रक्त बहुतेक वेळा जसंच्या तसं देत नाहीत. पिशवी यंत्रात गरगर फिरवतात. जड पेशी खाली बसतात, पिवळं पाणी वर येतं. ते काढून दुसऱ्या पिशवीत घेतात. रुग्णाला ज्या "ओ निगेटिव्ह" पेशी देतात त्यात ओ चं पाणी थोडंसंच उरलेलं असतं आणि ते रुग्णाच्या काही लिटर रक्तात पातळ होऊन जातं. म्हणून ओ "सर्वांना देणारा" हे पेशींपुरतं खरं. पाणी द्यायचं झालं तर उलट: एबी च्या पाण्यात पहारेकरी नाहीत म्हणून ते सगळ्यांना चालतं, आणि ओ चं पाणी फक्त ओ ला. मोठ्या मुलांना पाण्याचा उलटा तक्ता स्वतः काढायला द्या. नियम कळला की नाही ते तिथेच कळतं.

पिशव्या वेगळ्या ठेवायची रीतही दाखवण्यासारखी आहे. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत, पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस. प्लेटलेट २० ते २४ अंशांत सतत हलवत, ५ दिवस. पाणी गोठवून वर्षभर. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटसाठी धावपळ का होते, ते या ५ दिवसांवरून समजतं.

पहिला प्रश्न. आपल्या आतड्यांतल्या जिवाणूंच्या अंगावर ए-बी सारख्याच साखरा असतात. शरीर त्यांच्याविरुद्ध पहारेकरी तयार करतं. आपल्या स्वतःच्या पेशींवर जी साखर आहे तिच्याविरुद्ध मात्र करत नाही. तान्ह्या बाळाकडे स्वतःचे पहारेकरी नसतात, ३ ते ६ महिन्यांनी तयार व्हायला लागतात. म्हणून नवजात बाळाची उलटी चाचणी करत नाहीत आणि जन्मावेळी लिहिलेला गट मोठेपणी पुन्हा तपासायचा.

फळा_खडू | ४ मे, सकाळी ७:३०

शाळेच्या ओळखपत्रावरचा गट तर कित्येकदा अंदाजानेच लिहिलेला असतो. मुलांना सांगा, तो खरा धरून कोणी रक्त चढवत नाही, रक्तपेढी दर वेळी नव्याने तपासते.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हवर कोणी बोललं नाही अजून. मुलं "निगेटिव्ह" म्हणजे वाईट समजतात. थोडी मोठी मुलं "पॉझिटिव्ह" ऐकून एचआयव्हीशी जोडतात. दोन्ही गैरसमज आधीच काढा. ही फक्त आणखी एक वस्तू, डी. आहे तर पॉझिटिव्ह, नाही तर निगेटिव्ह. आपल्याकडे शंभरात साधारण पाच जण निगेटिव्ह. ए-बी मध्ये सगळ्यात जास्त ओ आणि बी, सगळ्यात कमी एबी.

काचपट्टी | ४ मे, सकाळी ८:०५

आणि डी चे पहारेकरी जन्मजात नसतात, हा फरक महत्त्वाचा. निगेटिव्ह माणसाच्या रक्तात डी असलेल्या पेशी एकदा गेल्या की मग ते तयार होतात. म्हणून आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही, पुढच्या बाळाला धोका. त्यासाठी अँटी-डी चं इंजेक्शन: २८ व्या आठवड्याला आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. १३ वर्षांच्या मुलींना हे नक्की सांगा, घरोघरी उपयोगाचं आहे. "नवरा-बायकोचा एकच गट असला तर त्रास होतो" हे मात्र साफ खोटं.

वैनगंगा | ४ मे, सकाळी ९:२५

विदर्भात हे सत्र घेताना एक गोष्ट सोडून चालणारच नाही. सिकलसेल.

इथल्या बऱ्याच मुलांच्या घरी सिकलसेलचं कार्ड असतं. त्यावर "एएस" किंवा "एसएस" लिहिलेलं असतं. मुलं ते रक्तगट समजतात. "माझा गट एएस" असं सांगणारी मुलं प्रत्येक तुकडीत निघतात. ज्यांच्या कार्डावर "एए" आहे ती स्वतःला ए गटाची समजतात.

गट म्हणजे पेशीच्या बाहेर काय टांगलं आहे. सिकलसेल म्हणजे पेशीच्या आत हिमोग्लोबिन कसं आहे. इथला "ए" म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, "एस" म्हणजे ऑक्सिजन कमी झाला की पेशीला विळ्यासारखं वाकवणारं. रक्तगटाच्या ए शी काहीही संबंध नाही. एसएस असलेल्या मुलाचा रक्तगट ओ, बी, काहीही असू शकतो. दोन्ही चाचण्याही वेगळ्या: सिकलसेलला आधी विद्राव्यता चाचणी आणि मग पक्की खात्री करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या).

दाखवायला दोन फुगे घ्या. बाहेरून एकाच रंगाची टिकली लावा. एकात लाल रंगाचं पाणी, दुसऱ्यात वाटाणे भरा. टिकली सारखी, आतलं वेगळं. मग टिकली बदलून आतलं तेच ठेवा.

एएस म्हणजे वाहक, आजारी नाही, हे त्याच दमात सांगा. वर्गात कोणालाही "तुझं कार्ड काय?" असं विचारू नका. दोन्ही पालक एएस असतील तर प्रत्येक बाळाला एसएस असण्याची शक्यता चारात एक, म्हणून लग्नाआधी तपासायचं असतं. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

लालपेशी | ४ मे, सकाळी ९:५०

वैनगंगाताईंचा मुद्दा पहिल्या दहा मिनिटांतच घ्या, शेवटी नको. त्याला जोडून एक. ज्या सिकलसेल रुग्णांना वरचेवर रक्त लागतं, त्यांना ए-बी आणि डी जुळवूनही पुरत नाही. रक्तगटांच्या चाळीसहून जास्त प्रणाली आहेत. पुन्हा पुन्हा रक्त घेतलं की सी, ई, केल अशा इतर वस्तूंविरुद्धही पहारेकरी तयार होतात आणि मग जुळणारी पिशवी शोधणं अवघड होतं. "गट जुळला म्हणजे झालं" असं मुलांना सांगू नका. "गट जुळणं ही पहिली पायरी" असं सांगा.

बर्डीकर | ४ मे, सकाळी १०:४०

घरच्यांचे गट लिहून आणायला सांगितलं तर? आई-बाबा, आजी-आजोबा असा तक्ता करता येईल.

फळा_खडू | ४ मे, सकाळी ११:००

कृपया नको. गट चुकीचा लिहिलेला असतो, कोणी दत्तक असतं, आणि "तुझा गट आई-बाबांसारखा नाही" एवढ्या एका वाक्याने वर्गात मूल रडतं. काल्पनिक घर घ्या. आई ए, बाबा बी. दोघांनीही आतून ओ लपवलेला असेल तर चार मुलं चार गटांची निघू शकतात. आई एबी, बाबा ओ असतील तर मुलं ए किंवा बी, म्हणजे दोघांपैकी एकासारखंही नाही! हे उदाहरण मुद्दाम घ्या. गट वेगळा असणं अगदी साधं आहे, हे मुलांच्या मनात पक्कं बसतं. ओ आणि ओ चं मूल ओ.

काचपट्टी | ४ मे, सकाळी ११:१५

आणि त्या शेवटच्या नियमालाही अपवाद आहे, तो आपल्याच राज्यात सापडला. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी अशी माणसं नोंदवली की ज्यांच्या पेशीवर ए नाही, बी नाही, आणि खुंटीच नाही. खुंटी नाही तर टांगणार कुठे? आत ए किंवा बी ची जनुकं असली तरी बाहेर दिसत नाही. साध्या चाचणीत असा माणूस ओ वाटतो. पण त्याच्या पाण्यात खुंटीला पकडणारे पहारेकरी असतात, म्हणून ओ चं रक्तही त्याला चालत नाही, फक्त त्याच गटाचं चालतं. हाच बॉम्बे गट. भारतात साधारण दहा हजारांत एक. उलट्या चाचणीत ओ पेशी ठेवतात त्याचं एक कारण हेच. त्या पेशींचे पुंजके झाले की तंत्रज्ञ सावध होतो.

लालपेशींनी ओ ला "मोकळी खुंटी" म्हटलं ना, "रिकामं पाणी" न म्हणण्याचा खरा फायदा इथे आहे. रंगीत पाण्याच्या प्रयोगात बॉम्बे गट दाखवताच येत नाही. मैदानावर मात्र चौथा डाव होतो.

फळा_खडू | ४ मे, सकाळी ११:३०

होतो की! दुसऱ्या डावात ओ पेशींना अजिबात फीत नव्हती, ती चूक माझी. सगळ्या पेशींच्या दंडांना आधी पांढरी फीत बांधा, ती खुंटी. ए साठी त्यावर लाल, बी साठी निळी. ओ म्हणजे नुसती पांढरी. चौथ्या डावात पहारेकऱ्यांच्या छातीवर "मी पांढरीसुद्धा पकडतो". ओ पेशी चालत येतात आणि धरल्या जातात.

निंबोणी | ४ मे, रात्री ८:२०

ठरलं मग. रंगीत ग्लास रद्द.

सकाळी ७:१५ ला सुरुवात. दहा मिनिटं टिकलीचे फुगे, सिकलसेल वेगळं हे आधी. पंधरा मिनिटं खुंटी आणि पहारेकऱ्यांचा नियम फळ्यावर. मग मैदान, चार डाव, चाळीस मिनिटं. आत आल्यावर दूध-लिंबू. शेवटी मुलांनी गटागटाने तक्ता स्वतः काढायचा, मोठ्यांनी पाण्याचा उलटाही. काल्पनिक घराचं उदाहरण वेळ उरला तर. सुई नाही, घरचे गट नाहीत.

फितींचा हिशोब तपासा: पांढऱ्या २०, लाल २०, निळ्या १०. इतवारीतून साटिनची अर्धा इंची घेणार, प्रत्येकी दीड फूट.

फळा_खडू | ४ मे, रात्री ८:४५

बरोबर. साटिन मात्र निसरडी, ओढाताणीत गाठ सुटते. सुती नाडी घ्या आणि गाठ दंडाच्या बाहेरच्या बाजूला. फार घट्ट नको, एक बोट आत गेलं पाहिजे.

वैनगंगा | ४ मे, रात्री ९:०५

आणि भिंतीच्या सहा मुलांना दर डावाला बदला. उभं राहून कंटाळतात आणि वाट तीन फुटांची होते.